गल्ल्यामागची वही

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

खुर्च्या संपल्या म्हणून जिन्यात बसलेल्या मुलामुलींनो,

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या वरच्या सभागृहात जमतो, त्यांना या गावात कुणी ग्रंथपाल म्हटलं नाही. ते सगळ्यांचे काका होते. मी नववीत असताना पहिल्यांदा त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले ती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' परत करायला. काकांनी नोंदवहीत तारीख घातली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय लक्षात राहिलं?" मी म्हटलं, "पुस्तक छान आहे." ते म्हणाले, "छान आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून तर कपाटात आहे. तुझ्या लक्षात काय राहिलं?" मला उत्तर देता येईना. मी पुस्तक पुन्हा घरी नेलं. चार दिवसांनी आले आणि सांगितलं, दुष्काळ पडतो आणि माणसं मेंढरं घेऊन गाव सोडून जातात, ते. काकांनी मान हलवली आणि कपाटातून दुसरं पुस्तक काढून दिलं.

त्यानंतर चाळीस वर्षं मी कथा लिहिल्या. मधली बारा वर्षं एका मासिकाकडे आलेली हस्तलिखितं वाचण्याचं काम केलं. आजही कुणी लिहायला कसं शिकावं असं विचारलं, की मला काकांचा तो प्रश्न आठवतो. कारण लिहिणाऱ्याजवळ भांडवल एवढंच असतं, त्याच्या लक्षात काय राहिलं.

संयोजकांनी मला नव्यानं लिहिणाऱ्यांशी बोलायला सांगितलंय. मी चार गोष्टींवर बोलेन. परवानगी, कान, भांगलण आणि टपाल. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही. जिथं मी मुलामुलींना अडखळताना पाहिलंय, तिथं जास्त थांबेन.

परवानगीपासून सुरुवात करते. मला येणाऱ्या पत्रांत आणि फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कोणता असेल? कथा कशी रचावी, हा नाही. प्रश्न असतो, "मी लिहू का?" माझं शिक्षण विज्ञानाचं आहे, मी लिहू का? आमच्या घरात कुणी लिहिलेलं नाही, मी लिहू का? माझं शुद्धलेखन कच्चं आहे, वय पन्नास झालंय, आमच्याकडे बोलतात ती भाषा पुस्तकातली नाही, मी लिहू का? प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण प्रत्येकात माणूस कुणाच्या तरी दारात उभा आहे आणि आतून कुणी 'या' म्हणेल याची वाट बघतोय.

आता आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. फलटणला बेबीताई कांबळे छोटं दुकान चालवायच्या. माल बांधून द्यायला जी रद्दी यायची, ती बांधण्याआधी त्या वाचून काढायच्या. गिऱ्हाईक नसेल त्या वेळात गल्ल्यामागं बसून वहीत लिहायच्या. ती वही घरच्यांच्या, नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून लपवून ठेवायच्या. थोडीथोडकी नाही, वीसेक वर्षं तो मजकूर असा दडलेला राहिला. मग मॅक्सीन बर्नसन नावाच्या, अमेरिकेतून येऊन फलटणच्याच झालेल्या अभ्यासक बाईंना त्याचा सुगावा लागला. त्यांनी आग्रह धरला, आणि 'जिणं आमुचं' 'स्त्री' मासिकातून क्रमशः छापून आलं, पुढं पुस्तक झालं. दलित स्त्रीनं लिहिलेल्या पहिल्या आत्मकथनांत आज त्याची गणना होते. माया पंडितांनी केलेल्या इंग्रजी अनुवादातून ते जगभर वाचलं जातं.

मला या हकिकतीतलं यश तेवढं महत्त्वाचं वाटत नाही. मला दिसतो तो गल्ला. एक किलो साखर, दोन काड्यापेट्या, मग चार ओळी. परत गिऱ्हाईक, परत वही खाली. या बाईंना लिहायची परवानगी कुणी दिली होती? आणि वेळ? ज्याला आपण निवांत वेळ म्हणतो, तो त्यांच्या आयुष्यात कधी होता?

इथून दक्षिणेला वाळवा तालुक्यात वाटेगाव आहे, अण्णाभाऊ साठ्यांचं गाव. त्यांची शाळा दीड दिवसाची. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत त्यांनी अक्षरं पक्की केली. त्याच माणसानं तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' 1959 ची. ती अण्णाभाऊंनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ज्याची अक्षरओळख पाट्यांवर झाली त्याच्या वाक्यात लोकांना थांबवण्याची ताकद आली, यात मला तरी नवल वाटत नाही. पाटी लिहिलेलीच असते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायला.

आणि वयाचं म्हणाल, तर लक्ष्मीबाई टिळकांकडे बघा. त्यांच्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते मराठी गद्य शिकायचं तर पहिलं पुस्तक 'स्मृतिचित्रे'. जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. लग्न झालं तेव्हा वय अकरा. शाळा नाही. नवऱ्यानं, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, जमेल तसं, मध्येच शिकवत मध्येच सोडत, अक्षरं शिकवली. टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. काही वर्षं ताटातूट, मग पुन्हा संसार, प्लेग, पैशाची ओढाताण, दुसऱ्यांची मुलं सांभाळणं. टिळक 1919 मध्ये गेले. त्यानंतर मुलानं आईला सांगितलं की वडिलांच्या चरित्रासाठी तुझ्या आठवणी लिहून दे. आई बसली, आणि चरित्राचं सामान गोळा करता करता तिच्या हातून स्वतःचंच पुस्तक झालं. 'स्मृतिचित्रे'चे भाग 1934 पासून 1936 पर्यंत निघाले. 1936 मध्येच त्या गेल्या. म्हणजे हे पुस्तक छापलं जाऊ लागलं तेव्हा त्यांचं वय पासष्टच्या पुढं होतं.

त्या पुस्तकाची वाक्यं बघा कधीतरी. घरात धान्य नाही हे सांगताना त्या 'दारिद्र्य' या शब्दाला बोलवत नाहीत. डब्यात काय होतं, किती होतं, आणि ते नवऱ्यानं कुणाला देऊन टाकलं, एवढं सांगतात. राग आला तर कशामुळं आला ते सांगतात. स्वतःची बाजू मांडत बसत नाहीत. तक्रार करायला एवढं निमित्त असलेल्या बाईनं तक्रारीचा सूर न लावता चार भाग लिहिले. मी पंचविशीत ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तर सोपं आहे, आजी बोलते तसंच आहे. मग तसं एक पान लिहून बघितलं. एक पान लिहायला मला तीन आठवडे लागले.

तेव्हा परवानगीचा विषय मी इथं संपवते. तुम्हाला जे येणार नाही असं वाटतंय, ते यांपैकी कुणालाही येत नव्हतं. त्यांच्याकडे एक गोष्ट होती, बसायची जागा आणि तिथं पुन्हा पुन्हा बसणं. रोज तीनशे शब्द धरा. तीनशे शब्द म्हणजे वहीचं सव्वा-दीड पान. वर्षातले पासष्ट दिवस आजारपणाला, लग्नकार्याला, परीक्षेला सोडले तरी तीनशे दिवस उरतात. नव्वद हजार शब्द झाले. ती एक चांगली जाड कादंबरी आहे. वेळ ठरवा, आणि शक्यतो घरच्यांना सांगून ठरवा. आई, सकाळी सहा ते पावणेसात मला हाक मारू नकोस, असं सांगायला संकोच वाटतो. विशेषतः मुलींना आणि सुनांना वाटतो, मला ठाऊक आहे. तरी सांगा. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी फलटणचा गल्ला आहेच.

आता कान.

माझी दुसरी की तिसरी कथा मी एका संपादकांना पाठवली होती. ती परत आली, सोबत एक पोस्टकार्ड. त्यावर दोन वाक्यं होती. "तुमच्या कथेत आजी बोलते. बाकी सगळे निबंध वाचून दाखवतात." मी ते कार्ड अजून जपून ठेवलंय. वाईट वाटलं, रडलेही. पण मग कथा काढून मोठ्यानं वाचली आणि त्यांचं म्हणणं शब्दन् शब्द खरं निघालं. आजीचं बोलणं मी ऐकलेलं होतं. कथेतला तरुण, त्याचा बाप, शाळामास्तर, हे मी ऐकलेले नव्हते. ते मी धड्यांतून उचलले होते.

आपल्याकडे शाळेपासून एक खोड लागते. तोंडात एक मराठी, कागदावर दुसरी. घरी आपण म्हणतो, "लई दिस झालं, आला न्हाईस." कागदावर येताना तेच "पुष्कळ दिवसांपासून आपली भेट झाली नाही" असं धुवून-पुसून येतं. निवेदनाची भाषा प्रमाण ठेवायची असेल तर ठेवा, माझी हरकत नाही, मीही ठेवते. पण पात्राच्या तोंडचं बोलणं धुऊ नका. आणि ज्याला त्याला सरसकट 'गावरान' बोलायलाही लावू नका. माणदेशातला धनगर, कोरेगावचा बागाईतदार आणि कराडच्या पेठेतला दुकानदार एकसारखे बोलत नाहीत. माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' 1949 मध्ये आली. माडगूळकर मॅट्रिकही झालेले नव्हते. पण कोण माणूस कुठल्या शब्दावर थांबतो ते त्यांना ऐकू आलं होतं.

दुसरं, कामाचे शब्द. आपला पट्टा उसाचा. दर वर्षी माझ्याकडे ऊसतोडीवर दोन-चार कथा येतात, आणि बहुतेकींत 'मजूर' असतो, 'शोषण' असतं, 'घाम' असतो. फड नसतो. मोळी नसते, वाढं नसतं, कोयता असला तर नुसता शोभेला असतो. मुकादमानं दिलेली उचल किती, फिटली किती, हा हिशेब नसतो. अहो, तो हिशेब हीच तर गोष्ट आहे! उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामालाही त्याच टोळीत जावं लागणारं जोडपं, या एका वाक्यात जी कथा आहे ती 'शोषण' हा शब्द पन्नासदा लिहून येणार नाही. आडसाली, पूर्वहंगामी, खोडवा, हे शब्द तुमच्यापैकी निम्म्यांना झोपेत येतात. मग लिहिताना ते कुठं जातात?

म्हणून एक काम सांगते, अगदी उद्यापासून करण्यासारखं. एसटी स्टँडवर किंवा दवाखान्याच्या बाकावर दहा मिनिटं बसा आणि फक्त ऐका. घरी येऊन आठवेल तसं लिहून काढा. मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. एक तर कुणाचं बोलणं न विचारता टिपणं बरं नाही, आणि दुसरं म्हणजे यंत्र सगळंच लक्षात ठेवतं. तुम्ही जे विसराल ते विसरण्यासारखं होतं. जे उरेल ते कामाचं. म्हणजे पुन्हा काकांचाच प्रश्न झाला, लक्षात काय राहिलं?

बहिणाबाई चौधरींच्या हातात लेखणी कधी आलीच नाही. खानदेशातल्या आसोद्यात जन्मलेली, शेतात राबणारी ही बाई दळताना, काम करताना ओव्या रचायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यानं आणि घरातल्यांनी त्या उतरवून ठेवल्या. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. अक्षर न येताही माणूस कवी होऊ शकतो, कान नसेल तर नाही. सोपानदेवांनी आणखी एक मोठं काम केलं, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. त्यांनी आईची बोली दुरुस्त केली नाही. शिकलेला, प्रमाण मराठीत कविता करणारा मुलगा, त्याला ती भाषा नीटनेटकी करायचा मोह झाला असता तर आज आपल्या हातात काय उरलं असतं?

शुद्धलेखनाचं एका दमात सांगते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 चे आहेत, फार नाहीत, एका रविवारी वाचून होतात. अरुण फडक्यांचा 'मराठी लेखन-कोश' टेबलावर ठेवा. शब्द अडला तर दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' खाली संदर्भ विभागात आहे. एखाद्या विषयाची खात्री करायची तर वाईचा मराठी विश्वकोश आता मोबाइलवर फुकट वाचता येतो. पण पहिला खर्डा लिहिताना यांतलं काहीही उघडू नका. ऱ्हस्वदीर्घ पाहण्यासाठी थांबलात तर आजी बोलायची थांबते.

तिसरी गोष्ट भांगलण. सभागृहात शेतकरी बरेच आहेत, त्यामुळं मला शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

मुलं मला सांगतात, "मॅडम, नेमाड्यांनी 'कोसला' पंधरा-सोळा दिवसांत लिहिली." खरं आहे. 1963 ची गोष्ट, वय पंचविशीचं. "सानेगुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं." तेही खरं आहे, 1933 मध्ये. आपल्याला ते दिवस मोजायला आवडतात. त्याआधीचे कोण मोजणार? सानेगुरुजी अमळनेरला शिक्षक होते, तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून रोज एक दैनिक काढायचे. रोज! शाळा, मुलांची आजारपणं, अंथरुणं-पांघरुणं सांभाळून एका माणसानं रोज अंक लिहायचा आणि भिंतीपाशी उभं राहून मुलांनी तो वाचायचा. कुठल्या वाक्याशी मुलं रेंगाळतात आणि कुठून कंटाळून निघून जातात, हे त्या माणसाला किती नेमकं कळलं असेल! तुरुंगातल्या पाच दिवसांत ते सगळे दिवस जमा धरायला हवेत. तेवढी वर्षं ज्यांच्या पाठीशी नाहीत, त्या तुम्हाआम्हाला एकदा लिहून भागत नाही.

मी माझाच एक जुना कागद घेऊन आलेय. अठराव्या वर्षी मी हे वाक्य लिहिलं होतं. वाचते.

"पहाटेच्या मंगलमय वातावरणात, पक्ष्यांच्या मंजुळ किलबिलाटाच्या साथीनं, माझ्या प्रेमळ आणि कष्टाळू आजीच्या जात्याची सुमधुर घरघर कानी पडत असे आणि माझं मन प्रसन्न होऊन जात असे."

आता याला प्रश्न विचारू या. पहाटे चारला आमच्या परसात कुठला पक्षी किलबिलत होता? एकही नाही, अंधार असायचा. घरघर सुमधुर असते का? दगडावर दगडाचा आवाज तो. झोपमोड झाल्यावर लहान मुलीचं मन प्रसन्न होतं का? मला तर राग यायचा. म्हणजे या एका वाक्यात मी तीन गोष्टी खोट्या सांगितल्या, आणि त्या मुद्दाम सांगितल्या नाहीत. तसं लिहायचं असतं असं मला वाटत होतं. मग स्वतःला विचारलं, त्या पहाटेतलं लक्षात काय राहिलं? आठवत गेले तेव्हा सापडलं. आजीचा उजवा खांदा दुखायचा. ती मध्येच हात बदलायची. जागी मी आवाजानं होत नव्हते, आवाज मंदावला की होत होते. पुष्कळ वर्षांनी तेच वाक्य मी असं लिहिलं.

"आजी चारला जात्यावर बसायची. तिचा उजवा खांदा दुखायचा. थोडा वेळ दळून ती खुंटा डाव्या हातात घ्यायची, तेव्हा घरघर मंदावायची आणि मला जाग यायची."

'प्रेमळ' गेलं, 'कष्टाळू' गेलं. पण मला सांगा, आजीचे कष्ट गेले का? ते खांद्यात आले. विशेषण काढलं की त्या जागी काहीतरी बघितलेलं ठेवावं लागतं, आणि बघितलेलं नसेल तर ती जागा रिकामी दिसते. माझ्या अनुभवात पुष्कळदा विशेषण येतं ते ती रिकामी जागा झाकायलाच.

हे झालं तण काढणं. ते त्या मानानं सोपं असतं, कारण तण दिसायला वेगळं असतं. पण शेतकऱ्याला आणखी एक काम असतं, विरळणी. तिथं तण नसतं. सगळी आपण पेरलेलीच, तरारून आलेली चांगली रोपं. तरी दोन रोपांत अंतर हवं म्हणून मधली उपटून टाकावी लागतात. माझे वडील ज्वारीची विरळणी करताना गप्प असायचे. भांगलताना बोलायचे, गाणीसुद्धा म्हणायचे. विरळणीला नाही. लहानपणी मला त्याचं कारण कळलं नव्हतं.

याच आजीच्या कथेत तिनं जात्यावर म्हटलेल्या ओव्यांवर माझा एक परिच्छेद होता. चांगला होता, आजही वाचून दाखवायला आवडेल असा. पण कथा आजीच्या खांद्याची होती आणि तो परिच्छेद वाचकाला ओव्यांकडे घेऊन जात होता. सहा महिने मी तो ठेवून पाहिला. मग काढला. कथा मोकळी झाली. तुमच्या लेखनात सगळ्यात आवडलेलं वाक्य कुठलं, ते शोधा आणि ते काढून उरलेलं वाचून बघा. काही बिघडलं तर परत लावा. पुष्कळदा काहीच बिघडत नाही.

त्यासाठी तीन सवयी. लिहून झालेला मजकूर निदान पंधरा दिवस बाजूला ठेवा. मग मोठ्यानं वाचा, दार लावून, उभं राहून. जिथं श्वास अडेल तिथं खूण करा. आणि मग एका माणसाला दाखवा. एकाच, पण नीट वाचणाऱ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलंत तर चाळीस अंगठे येतील, आणि कुठलं वाक्य कंटाळवाणं झालं ते एकही अंगठा सांगणार नाही. ज्याला दाखवाल त्याला 'कसं वाटलं' विचारू नका. काय विचारायचं ते तुम्हाला आता सांगायला नको.

चौथी गोष्ट टपाल. म्हणजे लिहिलेलं घराबाहेर पाठवणं. इथं मी भराभर जाते.

काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'नं 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आपल्याकडे दर वर्षी नव्या लेखकासाठी एक दार उघडतं, असं मोठं दार मला दुसऱ्या कुठल्या भाषेत माहीत नाही. पण दिवाळीचं साहित्य दसऱ्याला पाठवून चालत नाही. पावसाळा लागला की पाठवा. पाठवण्याआधी त्या अंकाचे निदान दोन जुने अंक वाचा, ते खाली मिळतात. युनिकोडमध्ये टाइप करा, पानांना क्रमांक द्या, स्वतःची प्रत ठेवा. एकच कथा एकाच वेळी पाच ठिकाणी पाठवू नका.

परत येईल. माझ्या परत आल्या, तुमच्याही येतील. 'सत्यकथा' मासिक 1982 मध्ये बंद पडलं. त्याचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाला पत्रं लिहून काय जमलं, काय नाही, ते सांगायचे. अशी पत्रं आता क्वचित येतात. बहुतेक वेळा काहीच उत्तर येत नाही, आणि नकारापेक्षा ते गप्प राहणं जास्त लागतं, हे मी जाणते. तीन महिने वाट पाहा, एक आठवण करा आणि मग दुसरीकडे पाठवा. त्या मधल्या दिवसांत पुढची कथा सुरू झालेली असू द्या. आणि हेही लक्षात घ्या, याच 'सत्यकथे'ची 1969 मध्ये तरुण लेखकांनी होळी केली होती. नुसती होळी करून ते थांबले नाहीत. सायक्लोस्टाइल करून, खिशातले पैसे घालून अनियतकालिकं काढण्याची जी चळवळ त्या काळात चालू होती, तिच्यात ते होते. आज मराठीत ज्यांना आपण मोठे कवी म्हणतो त्यांतले कितीतरी तिथून आले. दार उघडत नसेल तर चारजणांनी मिळून अंक काढायला आजही बंदी नाही, आणि आज तर छापखान्याचीही गरज नाही.

पुस्तकाचं म्हणाल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं अजून एकही पुस्तक निघालेलं नाही त्यांच्यासाठी. जाहिरात येते, अटी नीट वाचा आणि अर्ज करा. आपल्या भागातून अर्ज फार कमी जातात याचं मला वाईट वाटतं. कुणी पैसे घेऊन पुस्तक काढून देतो म्हटलं तर घाई करू नका. प्रती किती, विकणार कोण, उरलेल्या प्रती कुणाच्या, हे कागदावर घ्या. आयएसबीएनसाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, आपल्या देशात तो क्रमांक सरकार फुकट देतं. आणि करार वाचल्याशिवाय सही करू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं लेखनावरचा हक्क तुमचा असतो, तुमच्यानंतर साठ वर्षं तुमच्या वारसांचा असतो. हक्क किती काळासाठी दिला ते करारात लिहिलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. 'सर्व हक्क कायमचे' असा शब्द दिसला की तिथंच थांबा आणि कुणा जाणत्याला दाखवा. आनंदाच्या भरात माणूस सही करतो. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मीही केली होती, आणि ते पुस्तक परत मिळवायला मला अकरा वर्षं लागली.

आणि नोकरी सोडू नका. हे मी हात जोडून सांगते. मराठीत बहुतेक पुस्तकांची आवृत्ती हजारच्या आसपास असते, कवितेची त्याहूनही कमी. त्यावर घर चालत नाही. खांडेकर कोकणात शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. नारायण सुर्वे गिरणीत राबले, मग शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. 'ऐसा गा मी ब्रह्म' 1962 मध्ये आलं ते त्या नोकऱ्या करता करता. आणि नोकरीनं त्यांचं लेखन अडवलं, असं त्यांची कविता वाचून कोण म्हणेल? रेशनच्या रांगेतला, कारखान्याच्या भोंग्याचा माणूस त्यांना भेटला तो तिथंच.

माझं बोलणं संपत आलंय. खाली वाचनकक्षात पूर्वेच्या खिडकीपाशी एक टेबल आहे, एका पायाखाली लाकडाची चकती घातलेलं. काका निवृत्त झाल्यावर दर शनिवारी संध्याकाळी तिथं बसायचे. कुणीही यावं, दोन पानं वाचून दाखवावीत. ते ऐकायचे, आपला प्रश्न विचारायचे आणि पानावर पेन्सिलनं कधीतरी एखादी रेघ मारायचे, त्याहून जास्त काही नाही. ते गेल्यावर टेबल रिकामं राहिलं. गेल्या महिन्यात मी कार्यकारिणीला विचारलं, त्यांनी होकार दिलाय. येत्या शनिवारपासून संध्याकाळी पाच ते सात मी तिथं असेन. येताना दोन पानं आणा. हातानं लिहिलेली चालतील, शुद्धलेखन तपासलेलं नसलं तरी चालेल. फक्त येण्याआधी एकदा मोठ्यानं वाचून या. आणि जिन्यात मधल्या पायरीवर बसलेली ती मुलगी, मघापासून वहीत काहीतरी लिहितेय आणि माझी नजर गेली की वही मिटतेय, तिनं पहिल्याच शनिवारी यावं. मी वाट बघेन.